गावच्या इतिहासाची वेबसाइट सुरू करताना

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आपल्या गावाचा गौरवशाली इतिहास' या मथळ्याचा मजकूर जत्रेच्या आधी हमखास फिरतो. देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं, कोंबडा आरवला म्हणून कळस राहिला, बारवेवर महाराजांचा घोडा पाणी प्यायला. लिहिणाऱ्याचं नाव नाही, कुठून घेतलं ते नाही आणि दर वर्षी एक-दोन वाक्यं वाढलेली. हा मजकूर वेबसाइटवर चढवायला एक दुपार पुरते, पण त्याने कुणाचं काही भागत नाही. मुंबईत वाढलेली नात असो, शेजारच्या तालुक्यातला मास्तर असो की विद्यापीठातला संशोधक, वाचणारा शेवटी एकच विचारतो: हे कुणी सांगितलं, कुठे लिहिलंय? प्रत्येक गोष्टीमागे एवढं देता आलं, तर दहा पानांची साइटही उभी राहते. ते कसं जमवायचं, ते इथे सांगतो.

उदाहरणाला इंदापूर तालुक्यातलं, उजनीच्या पाण्याकाठचं एखादं गाव धरू. भीमेवरचं हे धरण १९८०मध्ये पुरं झालं आणि पुणे, सोलापूर, नगर या तिन्ही जिल्ह्यांतल्या गावांची जुनी गावठाणं पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं आणि बघ्यांची रीघ लागते. अशा गावात इतिहास शोधायला ताम्रपट लागत नाही. जुनं गाव पाहिलेली माणसं आज साठी-सत्तरी ओलांडलेली आहेत, म्हणजे काम कुठून सुरू करायचं हे वेगळं सांगायला नको.

आधी कुंपण घाला

'जिल्ह्याचा समग्र इतिहास' असं नाव देऊन निघालेल्या साइट मुखपृष्ठ आणि 'लवकरच येत आहे' या पाटीच्या पुढे सहसा जात नाहीत. एक गाव घ्या. मोठं असेल तर एक पेठ, एक देऊळ, एक शाळा, एक बाजार. काळही आखून घ्या. आपल्या उदाहरणात 'धरणाआधीचं गाव आणि उठलेलं गाव, साधारण १९३० ते १९९०' एवढं कुंपण पुष्कळ झालं. शिवकाळ नंतर येऊ द्या. त्या काळाचे कागद वाचायला मोडी लिपी यावी लागते, आणि ते कागद पुढच्या वर्षीही जागेवरच असतील. पलीकडच्या आळीतल्या आजींचं तसं नाही.

दुसरं म्हणजे, साइट उघडण्याआधी निदान दहा पानं पूर्ण करून ठेवा. उद्घाटनाला नारळ फुटतो, फोटो निघतात आणि मग वर्षभर काही येत नाही, हा आपल्याकडचा शिरस्ता आहे. दहा पानं हातात असली की महिन्याला एक सोडता येतं आणि पुढचं जमवायला उसंत मिळते.

माणसांकडून सुरुवात

मोबाइलवरचं रेकॉर्डिंग पुरेसं आहे. फक्त तो विमान मोडवर टाका, पंखा बंद करा आणि पहिल्यांदा स्वतःच्या आवाजात तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव सांगा. 'तुमचा आवाज आणि नाव वेबसाइटवर टाकलं तर चालेल का' हेही रेकॉर्डिंग चालू असतानाच विचारा. कागदावर सही मागितली की खेड्यातलं म्हातारं माणूस बिचकतं. सह्यांनी त्यांच्या जमिनी गेलेल्या असतात. तोंडी होकार रेकॉर्ड झाला की पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.

'काहीतरी जुनं सांगा' असं म्हटलं तर समोरचा तुम्हाला तोच व्हॉट्सॲपचा मजकूर ऐकवील. त्याऐवजी त्यांना चालायला लावा. 'आजी, जुन्या घरातून घागर घेऊन निघालात. डाव्या हाताला पहिलं घर कुणाचं? मग काय लागायचं? नदीवर बायकांचा घाट वेगळा होता का? पावसाळ्यात पाणी कुठून आणायचात?' अर्ध्या तासात जुन्या गावठाणाचा नकाशा कागदावर उतरतो. दुसऱ्या दिवशी तोच कागद वेगळ्या आळीतल्या माणसापुढे ठेवा. तो निम्मं खोडेल आणि गाव दुसऱ्या टोकाकडून सांगेल. दोन्ही नकाशे ठेवा. एकाच्या वाटेवर ज्या विहिरीचं नाव येतं, त्या विहिरीवर दुसऱ्याला पाणी भरू दिलं जात नव्हतं, हे बहुतेक वेळा अशाच दोन कागदांच्या मधे सापडतं.

वस्त्यांच्या जुन्या नावांचा प्रश्न इथेच उभा राहतो. जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२०मध्ये घेतला. जुन्या नकाशात आणि कागदात मात्र ती नावं असणारच. मूळ कागदाची नक्कल देताना शब्द तसाच ठेवावा आणि आपल्या वाक्यात आजचं नाव वापरावं, असं माझं मत आहे. मूळ कागदातून ते नाव पुसलं तर त्या वस्तीवर काय गुदरलं तेही पुसलं जातं.

बायकांच्या आठवणी घेताना एक लक्षात ठेवा. ऐंशी वर्षांच्या आजी या गावच्या असल्या तरी त्यांचं लहानपण माहेरचं असतं. त्यांना इथल्या १९५०च्या जत्रेबद्दल विचारून उपयोग नाही. लग्न होऊन आल्यावर पहिल्या वर्षी काय दिसलं ते विचारा. जात्यावरच्या ओव्या आठवत असतील तर त्या आधी घ्या, कारण त्यात गावाची, नदीची, बाजाराची नावं असतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. तो संग्रह आता 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर ऐकायला मिळतो. प्रत्येक ओवीला गायिकेचं नाव आणि गाव कसं जोडलंय, ते बघून घ्या. आपल्याला तीच शिस्त हवी आहे.

बाहत्तरच्या दुष्काळाचं विचारायला विसरू नका. खडी फोडायला कुठल्या रस्त्यावर गेलात, सुकडी कुठे मिळायची, गुरं कुठल्या छावणीत होती, याची उत्तरं लोक न अडखळता देतात. साल विचारलं की मात्र गडबडतात. तेव्हा साल विचारूच नका. 'थोरलीच्या लग्नाआधी की नंतर', 'पानशेतच्या पुरानंतर का', 'कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कुठल्या घरात होता' असं विचारा. पानशेत १२ जुलै १९६१ला फुटलं, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे झाला. या खुंट्यांना आठवणी बांधल्या की वर्ष आपोआप निघतं.

कागद कुठे सापडतात

धरणग्रस्त गावाला एक कागद असा मिळतो की बाकीच्या गावांनी हेवा करावा. तो म्हणजे भूसंपादनाचा निवाडा. मोबदला ठरवताना प्रत्येक गटातली घरं, विहिरी, झाडं मोजून त्यांची किंमत लावलेली असते. कुणाचं घर माळवदाचं, कुणाचं कुडाचं, कुठल्या बांधावर किती आंबे आणि किती बाभळी, हे सगळं सरकारी भाषेत लिहिलेलं असतं. कुटुंबांकडे त्याच्या प्रती ट्रंकेत असतात, कारण वाढीव मोबदल्याचे दावे वर्षानुवर्षं चालले. नसतील तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा, किंवा २००५च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागा. अर्जात 'सर्व माहिती द्यावी' असं लिहू नका. गावाचं नाव, प्रकल्पाचं नाव आणि हवा तो कागद एवढंच लिहा. मोघम अर्जाला मोघम उत्तर मिळतं.

आजींनी सांगितलेला नकाशा आणि निवाड्यातली यादी शेजारी ठेवून वाचली की गावाचं एकेक घर उभं राहू लागतं. या कामातली सगळ्यात मोठी मौज मला त्यातच वाटते.

बाकीचे कागद भराभर सांगतो. सोसायटीची आणि दूध संघाची जुनी इतिवृत्तं, देवस्थानाच्या जमाखर्चाच्या वह्या, तमाशाच्या आणि कुस्तीच्या आखाड्यांची हस्तपत्रकं, लग्नपत्रिका, शाळेची शतकमहोत्सवी स्मरणिका, पोस्टकार्डं, गणपती मंडळाच्या पावत्या. तलाठी कार्यालयातले जुने फेरफार आणि गावनकाशा. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका, त्यात गावागणिक लोकसंख्या, शाळा, पाण्याची सोय दिलेली असते. १९६१च्या जनगणनेबरोबर महाराष्ट्रातल्या जत्रा-यात्रांचा वेगळा खंड निघाला होता. आपल्या गावच्या जत्रेला तेव्हा किती माणूस जमत असे, ते त्यात आहे का बघा.

शाळेचं जनरल रजिस्टर हाताळताना मात्र जपून. त्यात जन्मतारखा आणि जाती असतात. २०२३मध्ये कुणबी नोंदींची शोधमोहीम सुरू झाल्यापासून या रजिस्टरांना एकदम भाव आला आहे. अशा पानांचे फोटो साइटवर टाकले तर दुसऱ्या दिवसापासून तुमच्याकडे दाखल्यासाठी फोन येतील, आणि एखादी नोंद कुणी खोटी म्हणाला तर भांडणही तुमच्याच दारात येईल. रजिस्टरवरून 'अमुक वर्षी इतकी मुलं, त्यात मुली इतक्या' असा गोषवारा द्या आणि दाखल्यासाठी लोकांना शाळेत, तहसीलला पाठवा.

छापील साधनांत सगळ्यांना आधी आठवतं ते गॅझेटियर. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या मालिकेत पुणे जिल्ह्याचा १८वा खंड तीन भागांत १८८५मध्ये आला. राज्य सरकारची सुधारित पुणे आवृत्ती १९५४ची. दोन्ही आंतरजालावर मिळतात. पण गॅझेटियर वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, तालुके तेव्हाचे आहेत. दख्खनच्या दंग्यांची सुरुवात १२ मे १८७५ला सुप्यात झाली, लोकांनी सावकारांची खतं जाळली. ते सुपे आज बारामती तालुक्यात आहे, पण जुन्या कागदांत ते भीमथडी तालुक्यात शोधावं लागतं. लातूर जिल्हा १९८२चा, जालना आणि सिंधुदुर्ग १९८१चे. जुन्या खंडांत या नावाचे जिल्हे शोधत बसू नका. दुसरी गोष्ट, जातींची वर्णनं. काही जमातींना १८७१च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलं, १९५२मध्ये तो शिक्का काढला गेला, पण गॅझेटियरमधली ती वाक्यं अजून जशीच्या तशी उचलली जातात. गावातली जी माणसं आज ते पान उघडतील, त्यांच्या आजोबांबद्दल ते लिहिलेलं आहे. एवढं आठवलं तरी हात आखडेल.

इंदापूरकरांचं आणखी एक नशीब. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची जमीन मोजणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट या दुसऱ्या दोन अधिकाऱ्यांनी १८३५-३६च्या सुमारास नवी मोजणी सुरू केली ती याच तालुक्यात. मुंबई इलाख्याची रयतवारी, म्हणजे शेतकऱ्याकडून थेट सारा घ्यायची व्यवस्था, जिच्यावर उभी राहिली ती हीच पद्धत. या मोजणीचे आणि पुढच्या फेरमोजणीचे अहवाल इंग्रज सरकारने छापले, त्यात गावोगावची पिकं, विहिरी, बाजार, सारा असा तपशील येतो.

मराठवाड्यातल्या मंडळींना मुंबई इलाख्याचे खंड फारसे कामाचे नाहीत. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत तो मुलूख निजामाचा होता, कागद उर्दूत आणि त्यांतले पुष्कळसे हैदराबादला. विदर्भाचे मध्य प्रांत आणि वऱ्हाडाच्या दप्तरात. गोव्यात गावकरीचे म्हणजे कोमुनिदादीचे (गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेचे) कागद आहेत आणि पणजीचं पुराभिलेख खातं आहे. त्या खात्याचं मूळ १५९५पर्यंत मागे जातं. पण तिथे पोर्तुगीज वाचणारा कुणीतरी बरोबर लागतो.

पेशवाईतल्या कागदांसाठी पुण्याचं पुरालेखागार. तिथे पेशवे दप्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. मोडी येत नसेल तर पुरालेखागार किंवा १९१०साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ यांचे मोडीचे वर्ग करा. बाराखडी लवकर हाताला येते, घाईत लिहिलेला कारकुनी हात वाचायला सराव लागतो. घरोघरच्या मोडी कागदांचे फोटो आत्ताच काढून ठेवा, वाचन मागून होईल.

तारखा उलगडताना

पेशवाईतल्या मोडी कागदावर इसवी सन नसतोच. शके असेल तर ७८ मिळवा, आणि तिथी पौष, माघ किंवा फाल्गुनातली असून जानेवारी उजाडला असेल तर ७९. पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ हा पानिपतचा दिवस, त्यात ७९ मिळवले की १७६१. कागदावर 'इहिदे सितैन मया व अलफ' असं काही दिसलं तर घाबरू नका. ते अरबी आकडे आहेत: एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. हा सुहूर सन, म्हणजे मराठी दप्तरात चालणारी कालगणना, मृगाला सुरू होतो. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि पुढे मृगापर्यंत ६०० मिळवायचे. पानिपत जानेवारीतलं, म्हणून ६००, आणि पुन्हा १७६१च येतं. आपल्याकडच्या फसली सनात, म्हणजे शेतसाऱ्याच्या वर्षात, ५९० किंवा ५९१ मिळवायचे. साइटवर लिहिताना मूळ तारीख आधी द्या, इसवी सन नंतर. आपलं गणित चुकलं असेल तर वाचणाऱ्याला ते पकडता येतं.

'हेमाडपंती' लिहिण्याआधी

गावातलं कुठलंही दगडी देऊळ हेमाडपंती असतं आणि कुठलीही बारव अहिल्याबाईंची असते. हेमाद्री हा तेराव्या शतकातला, यादवांचा मंत्री. अंबरनाथच्या देवळातला लेख शके ९८२चा, म्हणजे १०६०चा. हेमाद्री जन्मायच्या कितीतरी आधी तशी देवळं उभी होती. तेव्हा 'गावकरी याला हेमाडपंती म्हणतात' असं लिहा आणि पुढे डोळ्यांना दिसतं ते: खांब किती, चुना आहे का, शिखर विटांचं की दगडाचं, कुठला भाग नंतरचा वाटतो. पांडवांची गोष्टही जरूर लिहा, पण ती 'गोष्टी' या विभागात, सांगणाऱ्याच्या नावासकट. कोंबडा आरवला म्हणून काम अर्धं राहिल्याची कथा किती गावांत सांगितली जाते, ते शोधणारा अभ्यासक एक दिवस तुमच्या पानावर येईल.

वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड), सतीशिळा, शिलालेख दिसले तर त्यावर खडू, तेल, पिठी काही फासू नका. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तिरकं ऊन पडलं की अक्षरं आपोआप उठतात. रात्री बॅटरी बाजूने धरली तरी चालतं. शेंदराची पुटं खरवडायला जाऊ नका, तो देव आहे आणि त्याचे भक्त शेजारीच राहतात. शेतात उघड्यावर पडलेल्या मूर्तीची नेमकी जागा साइटवर देऊ नका. मोबाइलच्या फोटोत अक्षांश-रेखांश दडलेले असतात, ते काढून मगच चढवा. मूर्तिचोरांनाही वाचता येतं. नांगराला नाणी किंवा दागिने लागले तर फोटो टाकून कौतुक करून घेण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. १८७८चा निखात निधी कायदा अजून लागू आहे.

मानपान आणि भाऊबंदकी

हे कुठल्याही तांत्रिक पुस्तकात नसतं, पण साइट बंद पडते ती बहुधा इथे. पालखीला पहिला खांदा कुणाचा, पाटीलकी थोरल्या पातीची की धाकट्या, देवाची इनामजमीन कुणाच्या नावावर चढली, हे प्रश्न इतिहासाचे असतात आणि त्याच वेळी कोर्टातलेही. तुमच्या पानावरचं वाक्य छापून कुणीतरी ते वकिलाकडे नेणार. त्यामुळे वाद चालू असलेल्या गोष्टीवर निकाल देऊ नका. '१९०४च्या कागदात असं आहे, अमुक घराण्याचं म्हणणं असं आहे, तमुक घराण्याचं तसं' एवढ्यावर थांबा. ज्यांच्या घरातून कागद आणला त्यांना पान आधी वाचून दाखवा. संमती मागायची ती फोटोची, मजकुराची नव्हे. नाहीतर प्रत्येक घराणं आपली वंशावळ सूर्यापासून सुरू करायला सांगेल.

आजी-माजी सरपंचांचे फोटो, शुभेच्छुकांच्या पट्ट्या, वाढदिवसाची बॅनरं यांना साइटवर जागा नाही, हे पहिल्याच बैठकीत सांगून टाका. देणगी घेतली तर आभाराच्या पानावर नाव, बाकी काही नाही. निवडणूक आली की या नियमाची किंमत कळते.

हक्काचा प्रश्न थोडक्यात असा. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या लिखाणावर हक्क असतो, सरकारी प्रकाशनावर प्रकाशनापासून ६० वर्षं. म्हणून १८८५चं गॅझेटियर मोकळं आहे आणि १९५४चंही. पण परवाच्या वर्तमानपत्रातला लेख अख्खा चढवता येत नाही. त्यातली माहिती आपल्या शब्दांत लिहा आणि वर्तमानपत्राचं नाव, तारीख द्या. गावातल्या फोटो स्टुडिओने काढलेला जुना फोटो असेल तर स्टुडिओवाल्याच्या मुलाला विचारा. तो नकार देण्याऐवजी निगेटिव्हांचं खोकं काढून देण्याचीच शक्यता जास्त.

आता साइट

वर्डप्रेस किंवा ब्लॉगर, जे तुम्हाला जमतं ते घ्या. एकच अट: सगळा मजकूर एका फाइलीत बाहेर काढता आला पाहिजे. फेसबुक पेजवर इतिहास साठवू नका. तिथे जुनं काही शोधता येत नाही आणि खातं गेलं की सगळं गेलं. फेसबुकचा उपयोग नव्या पानाची वर्दी देण्यापुरता.

डोमेन स्वतःचं घ्या. 'डॉट इन' वर्षाला साधारण हजाराच्या आत-बाहेर पडतं. देवनागरीत 'डॉट भारत'ही मिळतं, पण ते जोडीला ठेवा. ज्या उत्साही पोराला कॉम्प्युटर येतो त्याच्या खासगी ईमेलवर डोमेन घेतलं जातं, पोरगं नोकरीला बंगळुरूला जातं, नूतनीकरणाची सूचना न वाचलेल्या पत्रांत पडून राहते आणि एका सकाळी गावाच्या नावावर जुगाराची जाहिरात उघडते. म्हणून साइटसाठी वेगळा ईमेल काढा, त्याच्या चाव्या वाचनालयाकडे किंवा मंडळाकडे आणि निदान दोन माणसांकडे ठेवा, आणि डोमेनचे पैसे पाच वर्षांचे एकदम भरा.

मजकूर युनिकोडमध्येच. स्मरणिका छापणारे डीटीपीवाले बहुधा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटातली फाइल देतात. ती तशीच चिकटवली तर साइटवर अगम्य चिन्हं दिसतात. रूपांतर करणारी साधनं फुकट मिळतात, पण नंतर डोळ्यांनी वाचा. 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' हमखास बिघडतात, 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं. साइटची भाषा सेटिंगमध्ये 'मराठी' निवडा. ती हिंदी राहिली तर काही फाँटांत ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. पानाचा पत्ता मात्र रोमन अक्षरांत ठेवा, कारण देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते आणि लोक ती फसवी लिंक समजून उघडत नाहीत. छापील मराठी पानांतून मजकूर उचलायला गूगल लेन्स किंवा टेसरॅक्ट बरं काम करतं. मोडीला ते चालत नाही.

विभाग फार नकोत. जागा, माणसं, घटना, कागद आणि गोष्टी, एवढे पाच पुरतात.

फोटोंचं म्हणाल तर, जुना फोटो व्हॉट्सॲपवरून मागवायचा असेल तर 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं सांगा, नाहीतर तो दाबून बारीक होऊन येतो. स्कॅनर मिळाला तर कागद ३०० डीपीआयवर आणि फोटो ६०० डीपीआयवर करा. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीने लिहिलेली नावं तिथेच असतात. मूळ कागद त्याच दिवशी परत द्या. गावात 'फोटो नेला तो आलाच नाही' ही बातमी पसरली तर पुढची दारं बंद. फोटोखालची ओळ अशी असू द्या:

'जुन्या गावठाणातली चावडी, नदीच्या बाजूने. फोटो १९७०च्या आसपासचा, मालकांच्या सांगण्यावरून. डावीकडून दुसरी व्यक्ती ओळखलेली नाही. मूळ फोटो चावडीमागच्या आळीतल्या एका कुटुंबाकडे, स्कॅन मे महिन्यात घरी जाऊन.'

'ओळखलेली नाही' हे लिहायला लाजू नका. त्या दोन शब्दांपायी लोक फोन करतात.

साठवण तीन ठिकाणी: एक प्रत कॉम्प्युटरवर, एक हार्ड डिस्कवर गावाबाहेर कुणाच्या तरी घरी, एक क्लाउडवर. फाइलींना 'नवीन फायनल २' अशी नावं न देता वर्ष, जागा, विषय, क्रमांक असा क्रम ठेवा.

लोकांपुढे आणि पुढे

साइट उघडायचा उत्तम मुहूर्त जत्रेचा. पुण्या-मुंबईची, सुरतेची माणसं त्या दोन दिवसांत गावात असतात. देवळाच्या ओट्यावर दहा-बारा जुने फोटो मोठे करून लावा, शेजारी क्यूआर कोड आणि एक वही. वहीत लोक नावं सांगतात, चुका सांगतात, 'आमच्या घरी पण आहे' म्हणतात. त्या वहीतून पुढच्या वर्षाची पानं निघतात. उजनीकाठी असाल तर मे महिना राखून ठेवा. पाणी खाली गेलेलं असताना म्हाताऱ्यांना होडीने किंवा चालत जुन्या जागेवर नेता आलं, तर घरात बसून न आठवलेलं तिथे जोतं बघताच आठवतं. अर्थात चिखल आणि खोल पाणी बघून, स्थानिक मच्छीमाराला बरोबर घेऊन.

प्रत्येक पानाखाली 'यात चूक असेल तर कळवा' आणि शेवटच्या दुरुस्तीची तारीख ठेवा. कुणी चूक दाखवली तर गुपचूप बदलू नका. 'आधी असं लिहिलं होतं, अमुक कागदावरून बदललं' अशी ओळ टाका. वर्षातून एकदा सगळी पानं इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करा, पत्ता टाकून बटण दाबायचं असतं, पैसे लागत नाहीत. स्वतः काढलेले देवळाचे, बारवेचे फोटो विकिमीडिया कॉमन्सवर मोकळ्या परवान्याने देऊन टाका, म्हणजे मराठी विकिपीडियावरच्या गावाच्या लेखालाही ते वापरता येतील. आणि सगळी पानं छापून, साधी स्पायरल बांधणी करून एक प्रत शाळेत, एक तालुक्याच्या वाचनालयात द्या. गावात वीज जाते तेव्हा तीच वाचली जाते.